भाड्याच्या घरात बारा हजार रुपयांत कामाची बैठक मांडायची आहे: टेबल, खुर्ची आणि उजेड यांविषयी सल्ला हवा

ओंजळ

सर्वांना नमस्कार.

मी डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचके घरात राहते. गेली सहा वर्षे ठाण्यातील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करत होते. गेल्या महिन्यापासून तेच काम घरून करण्याची परवानगी मिळाली आहे. लोकलमधले आणि रिक्षाच्या रांगेतले मिळून रोजचे दोन तास वाचतात, याचा आनंद आहे. मात्र टेबल-खुर्चीसाठी कार्यालयाकडून काहीही मिळणार नाही. सध्या मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप आणि पाठीला पलंगाची फळी अशी बैठक आहे. तीन आठवड्यांतच मान आणि डावे मनगट दुखू लागले आहे.

झोपण्याच्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीलगत पाच फुटांची जागा मोकळी आहे. घरमालकांनी भिंतीत एकही भोक पाडायचे नाही, असे करारातच लिहून घेतले आहे. करार अकरा महिन्यांचा आहे आणि आम्ही गेल्या चार वर्षांत दोनदा घर बदलले आहे, म्हणून जे काही घ्यायचे ते सोडून, उचलून दुसऱ्या घरी नेता आले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मी ४,२०० रुपयांचे एक टेबल ऑनलाइन मागवले होते. पहिल्याच जुलैत खिडकीतून आलेल्या झडीने त्याची एक कड ओली झाली. कडेची पट्टी सुटली आणि आतला भुसा पाण्यात भिजवलेल्या पावासारखा फुगून वर आला. विक्रेत्याने पाण्याचे नुकसान हमीत बसत नाही, असे कळवले. घर बदलताना ते टेबल सुटे केले, ते नंतर पुन्हा जोडताच आले नाही. ती चूक पुन्हा करायची नाही.

अंदाजपत्रक १२,००० रुपयांचे आहे आणि ते वाढवणे खरोखरच शक्य नाही. यांतले किती पैसे कशावर घालावेत, टेबल किती उंच असावे, खुर्ची नवी घ्यावी की जुनी, आणि संध्याकाळी डोळ्यांवर ताण येणार नाही असा उजेड कसा करावा, हे कृपया सांगावे. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. संध्याकाळी सातनंतर तीच जागा माझे यजमान वापरतील. ते पाच फूट नऊ इंच आहेत.

पारिजात

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी शरीराबद्दल लिहिते. कोणतीही वस्तू पाहायला जाण्यापूर्वी आपण दोघांनी आपापली मापे घ्यावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बाजारात तयार मिळणारी बहुतेक टेबले २९ ते ३० इंच उंच असतात. जेवणाच्या टेबलांचीही उंची साधारण तेवढीच असते. आपल्या उंचीच्या स्त्रीने अशा टेबलावर टंकलेखन केले की खांदे नकळत वर उचलले जातात आणि दिवसभर तसेच राहतात. मान आखडण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांच्या दुखण्याचे मूळ या दोन-तीन इंचांत असते.

मापे अशी घ्यावीत. कडक बैठकीच्या खुर्चीवर पूर्ण मागे टेकून बसावे. पाय अधांतरी राहत असतील तर पाऊल सपाट टेकेपर्यंत खाली वह्या ठेवाव्यात. खांदे सैल सोडावेत, कोपर अंगालगत काटकोनात वाकवावे, आणि दुसऱ्या कोणीतरी शिलाईच्या टेपने दोन अंतरे मोजावीत: तळपायापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतचे, आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे. या दोन्हींची बेरीज म्हणजे ज्या पृष्ठभागावर कीबोर्ड ठेवायचा त्याची योग्य उंची. दोघांच्या बेरजा वेगळ्या येतील. मग जास्त उंच माणसाच्या मापाने टेबल करून कमी उंच माणसाने खुर्ची वर घ्यावी आणि पायाखाली काहीतरी ठेवावे. उलट केले तर उंच माणसाला वाकून बसावे लागते आणि त्यावर उपाय राहत नाही.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. त्यात पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असल्यामुळे कळा योग्य उंचीवर आल्या की पडदा फार खाली जातो, आणि पडदा डोळ्यांसमोर आणला की हात वर जातात. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस यांसाठी हजारभर रुपये बाजूला काढून ठेवाच. लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा रिकाम्या खोक्यावर इतका उचलावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल आणि पडदा हातभर अंतरावर राहील. एवढ्या एका बदलाने मानेचा निम्मा त्रास कमी झालेला मी अनेकदा पाहिला आहे.

रंधा

आमच्या घरात तीन पिढ्यांचे सुतारकाम आहे. माझे वय ६४ असून आता मी हत्यार कमी आणि सल्ला अधिक चालवतो.

आपले जे टेबल फुगले ते पार्टिकल बोर्डाचे होते. लाकडाचा चुरा आणि भुसा रसायनी गोंदात कालवून, दाबून ते तक्ते बनवतात. वरचा कागद किंवा लॅमिनेट शाबूत आहे तोवर ते बरे दिसतात. पण कडेची पट्टी जराशी सुटली की आत पाणी शिरते, आणि एकदा फुगलेला चुरा वाळला तरी पूर्ववत बसत नाही. स्क्रूचेही तेच आहे. पहिल्या वेळी आटे धरतात, पण काढून त्याच भोकात परत बसवताना चुरा गळतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. वरचेवर घर बदलणाऱ्या कुटुंबाने हे तक्ते घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लायवूड नवे घ्यायचे तर पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फूट येतो. त्यावर आयएसआय चिन्हासह ३०३ हा क्रमांक छापलेला असेल तर तो घरात वापरण्याचा साधा प्लाय, आणि ७१० असेल तर पाण्याला टिकणारा मरीन प्लाय. आपल्या टेबलाला यातला जेमतेम तेरा चौरस फूट लागेल, आणि पैसे पूर्ण तक्त्याचे मोजावे लागतील. प्लायच्या दुकानात मागच्या बाजूला उरलेले तुकडे रचून ठेवलेले असतात. ते जरूर विचारावेत, पण पाच फुटांचा तुकडा सहसा मिळत नाही.

म्हणून मी निराळे सुचवतो. डोंबिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत जुन्या इमारती पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत. त्यांतली दारे, खिडक्या, सागवानी चौकटी, ग्रिल हा सगळा माल उचलणारे व्यापारी आहेत. त्यांच्याकडे जाऊन खोलीचे जुने फ्लश डोअर, म्हणजे नक्षी नसलेले सपाट दार, पाहा. त्याची रुंदी साधारण ३० इंच असते, म्हणजे टेबलाला पुढून मागे हवे तेवढेच माप मिळते. जाडी ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मधोमध झुकण्याची भीती नाही. आणि ते दार पंधरा-वीस वर्षे वापरात राहिलेले असल्यामुळे त्याला जेवढे वाकायचे तेवढे ते वाकून झालेले असते.

दार निवडताना घाई करू नये. बोटांच्या पेरांनी सगळीकडे वाजवून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत नुसती जाळी आहे, ते दार कापल्यावर कड उघडी पडते, म्हणून ते सोडावे. भरीव, बद्द आवाजाचे दार घ्यावे. कडेला डोळा लावून दोरीसारखे सरळ आहे का ते पाहावे. बिजागऱ्यांच्या खाचांत बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर कीड आहे. कितीही स्वस्त दिले तरी ते घरात आणू नये. न्हाणीघराचे दार कधीही घेऊ नये.

दार सहा-साडेसहा फुटांचे असेल, आपल्याला पाच फुटांच्या आत हवे आहे. कापायचे ते खालच्या बाजूने, कारण फरशी पुसण्याच्या पाण्याने दाराचे खालचे टोक नेहमी आधी कुजते. वरून सनमायका लावण्याचा मोह होईल. लावायचा असेल तर दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. एकाच बाजूने लावला तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिते आणि तक्ता बाक धरतो. त्यापेक्षा १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून पारदर्शक मॅट पॉलिशचे दोन हात खालून-वरून, कडांसह द्यावेत.

पायांसाठी सुताराकडे जाऊ नका. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी पाइपच्या दोन चौकटी करून घ्याव्यात, मागच्या बाजूला दोन्हींना जोडणारी एक आडवी पट्टी नट-बोल्टने बसवावी, म्हणजे टेबल डुलणार नाही आणि घर बदलताना पान्याने दहा मिनिटांत सुटे होईल. चौकटीची उंची सांगताना दाराची जाडी आणि पायांखालचे रबरी बूच वजा करायला विसरू नये.

पेढी

माझा सूर थोडा वेगळा आहे. आमच्या आजोबांची भुसार मालाची पेढी होती. गादी, मागे लोड आणि पुढ्यात उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क, एवढ्यावर त्यांनी चाळीस वर्षे खतावण्या लिहिल्या. आपले कामही हिशेबाचेच आहे. जुन्या सामानाच्या बाजारात अशी डेस्के अजून मिळतात, त्यांना ना वेल्डिंग लागते ना बोल्ट, आणि काम झाले की ती भिंतीशी सरकवता येतात. आपण याचा विचार करावा.

पारिजात

पेढी यांचा मुद्दा मला मनापासून आवडला आणि तो मी सरसकट नाकारणार नाही. ज्यांना लहानपणापासून मांडी घालण्याची सवय आहे, त्यांनी दिवसातला तासभर वाचन किंवा कागद जुळवणे खाली बसून करावे. नितंबांचे आणि घोट्यांचे सांधे मोकळे राहतात. परंतु खतावणी लिहिणारा माणूस कागदाकडे पाहत असे, मधून मधून उठत असे, गिऱ्हाइकाशी बोलत असे. लॅपटॉपवर सलग काम करताना खाली बसलेला माणूस हळूहळू कमरेतून गोल होतो आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. ज्यांची मान आधीच दुखते आहे त्यांनी आठ तासांसाठी हा मार्ग घेऊ नये.

फिरतीखुर्ची

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रशासन विभागात बारा वर्षे होतो. इमारतीतल्या खुर्च्या विकत घेणे, दुरुस्त करणे आणि शेवटी लिलावात काढणे हे माझेच काम होते. त्यामुळे खुर्चीबद्दल विस्ताराने लिहितो.

कंपन्या चार-पाच हजारांची खुर्ची घेत नाहीत. त्यांनी घेतलेली खुर्ची नवी असताना बारा-पंधरा हजारांची किंवा त्याहून महाग असते, कारण ती रोज दहा-दहा तास वापरली जाणार हे गृहीत धरलेले असते. कार्यालय हलले, मजला रिकामा केला किंवा रंगसंगती बदलली की त्या शेकड्याने बाहेर पडतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर जागा सोडणाऱ्या कंपन्यांच्या खुर्च्यांचे डोंगर मी स्वतः पाहिले. जुन्या फर्निचरचे व्यापारी त्या घेतात, जाळी आणि चाके बदलतात, धुऊन-पुसून तीन ते पाच हजारांत विकतात. आपल्याला उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळ आहे. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार प्रसिद्धच आहे. याच किमतीची नवी खुर्ची आणि ही जुनी खुर्ची यांत मी डोळे मिटून जुनी घेईन.

मात्र खुर्ची तपासताना डोळे उघडे हवेत. सर्वांत आधी बैठक पूर्ण वर घ्या, तिच्यावर बसा आणि पाच-सात मिनिटे उठू नका. या वेळात व्यापारी दुसऱ्या दहा खुर्च्या दाखवील, तरी उठू नका. मधल्या दांड्यातला गॅस गेलेला असेल तर बैठक इतक्या सावकाश खाली येते की उठून-बसून पाहणाऱ्याला ते कळतच नाही. दुकानात चांगली वाटलेली खुर्ची घरी दुपारपर्यंत चार बोटे खाली आलेली असते. हा दांडा बदलता येतो आणि त्याला सहाशे ते नऊशे रुपये पडतात. दोष दिसला तर तेवढे कमी करून मागा किंवा समोर बदलून घ्या.

मग खुर्ची उलटी करा. पाच पायांच्या तळाला, जिथे पाय मधल्या गोलाला मिळतात, तिथे केसासारखी रेघ दिसते का ते पाहा. नायलॉनचा तळ तिथेच तडकतो. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा तळ मिळाला तर उत्तम. पाठ मागे रेलून कुलूप लावून पाहा आणि जोर द्या. कुलूप निसटता कामा नये. हातांची उंची खाली-वर होत असेल तर ती टेबलाच्या खाली जाते का ते घरच्या मापाने ताडून पाहा, नाहीतर हात टेबलाला अडतात आणि माणूस पुढे सरकून बैठकीच्या टोकावर बसतो. आपल्यासाठी बैठकीचे पुढून मागचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे: पूर्ण मागे टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. कंपन्यांच्या बऱ्याच खुर्च्या उंच माणसांच्या मापाच्या असतात. बैठक पुढे-मागे सरकणारी असेल तर ती सोडू नका.

रेक्झिनची खुर्ची, ती कितीही भारदस्त दिसली तरी, घेऊ नका. दमट हवेत तिचे पापुद्रे सुटतात आणि ते कपड्यांना चिकटतात.

तिठा

फिरतीखुर्ची यांच्या शेवटच्या वाक्याला कोकणातून दुजोरा देतो. आमच्याकडे रत्नागिरीत रेक्झिन दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही, आणि स्पंजाच्या जाड बैठकीला श्रावणापर्यंत बुरशीचा वास येऊ लागतो. जाळीची पाठ आणि कापडी बैठकच घ्यावी.

आणखी एक अनुभव सांगतो. टेबल भिंतीला चिकटवून ठेवू नये, तीन बोटे जागा सोडावी. बाहेरच्या भिंतीतून ओल झिरपते आणि टेबलाची मागची कड, जी कधीच दिसत नाही, तीच आधी खराब होते. वाळवीही भिंतीच्या आणि लाकडाच्या सांध्यातूनच चढते. लोखंडी पायांचा फायदा हा की मातीची नळी वर चढताना लगेच दिसते. आमच्या घरी फणसाच्या लाकडाचे जुने टेबल या एका सवयीमुळे चांगले राहिले आहे.

वीजतंत्री

उजेड आणि वीज यांबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

खिडकी लॅपटॉपच्या पडद्याच्या मागे किंवा आपल्या पाठीमागे येऊ नये. मागे आली तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते, पुढे आली तर डोळे दिवसभर दोन उजेडांत झगडत राहतात. आपण उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे कागदावर हाताची सावली पडणार नाही. हिशेबाचे कागद पाहताना हे फार जाणवते. संध्याकाळसाठी २० वॅटची एलईडी पट्टी पुरेशी आहे, ती साधारण २,००० ल्युमेन उजेड देते. दुकानदार न विचारता ६,५०० केल्विनची निळसर पांढरी देईल. मी ४,००० केल्विनची मागून घेण्याचा सल्ला देतो. आकडे तेवढेच स्पष्ट दिसतात आणि रात्री उशिरापर्यंत काम करताना डोळ्यांना ती सौम्य वाटते. पट्टी जुन्या ट्यूबच्याच जागी बसते, त्यामुळे नवे भोक लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या भागाला हात लावला की झिणझिण्या येतात का, हे पाहा. येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नसण्याची दाट शक्यता आहे. जुन्या इमारतींत तीन पिनचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तार जोडलेलीच नसते. वायरमनकडून एकदा तपासून घ्या. हा खर्च घरमालकांनी करावा, असे त्यांना आवर्जून सांगा.

एक्स्टेन्शन बोर्ड आयएसआय चिन्हाचाच घ्या. ६ अँपिअरचा बोर्ड जास्तीत जास्त सुमारे १,३८० वॅट पेलतो. लॅपटॉपचे ६५, राउटरचे दहा-पंधरा आणि दिव्याचे दहा वॅट त्याला काहीच नाहीत, पण इस्त्री किंवा पाणी उकळण्याची किटली त्याच बोर्डावर लावली की तो तापतो. घरात सर्वांना हे सांगून ठेवा.

वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो पण इंटरनेट बंद पडते, म्हणून अनेकजण इन्व्हर्टरचा विचार करतात. आपल्याला त्याची गरज नाही. राउटरसाठी वहीएवढा छोटा यूपीएस मिळतो. घेण्यापूर्वी राउटरच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन पिनांचा यूपीएस लागतो. एकच चालू ठेवून उपयोग नाही.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या पाच आठवड्यांत आपल्या सांगण्याप्रमाणे एकेक गोष्ट केली. पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

मापांपासून सुरुवात केली. माझी बेरीज २५ इंच आली, यजमानांची २७. पारिजात यांनी सांगितल्याप्रमाणे टेबल २७ इंचांचे केले. मी खुर्ची १८ इंचांवर घेते आणि पायाखाली सासूबाईंनी दिलेला जेवणाचा जुना पाट ठेवते. तो नेमका दोन इंचांचा आहे. तयार टेबल घेतले असते तर यजमानांना ते दोन-तीन इंचांनी आणि मला चार-पाच इंचांनी चुकले असते, हे टेप हातात घेईपर्यंत आम्हाला माहीतच नव्हते.

दारासाठी दोन रविवार गेले. पहिल्या व्यापाऱ्याकडची सगळी दारे पोकळ होती. दुसऱ्याकडे भरीव दार मिळाले, पण बिजागरीच्या खाचेत नखाने उकरल्यावर रंधा यांनी सांगितलेली पिठासारखी भुकटी हातावर आली आणि ते तिथेच ठेवले. तिसरे दार घेतले: साडेसहा फूट बाय तीस इंच, दोन्ही बाजूंना पिवळा ऑइल पेंट, एका बाजूवर कोणीतरी पेन्सिलीने मुलाची उंची वर्षावर्षाने आखून ठेवलेली. सातशे रुपयांना मिळाले. खालचे वीस इंच कापले तेव्हा ते टोक खरोखरच काळे पडून भुसभुशीत झालेले होते.

कापल्यावर लक्षात आले की लॅचचे गोल भोक टेबलाच्या लांबीत साधारण तिसऱ्या हिश्शावर येते. सुतार ते बुजवणार होते. मी ती बाजू भिंतीकडे करायला सांगितली. आता चार्जरची, कीबोर्डची आणि दिव्याची तार त्याच भोकातून खाली उतरते आणि टेबलावर एकही तार लोळत नाही. त्यामुळे बिजागऱ्यांच्या दोन खाचा माझ्या बाजूला आल्या. मनगट नेमके तिथे टेकते, म्हणून सुतारांनी पूर्ण पुढच्या कडेला सागवानाची अर्धा इंची पट्टी बसवून तिची धार रंध्याने गोल करून दिली. दुसऱ्या बाजूचा पेंट घासून काढायला आम्हा दोघांना तीन संध्याकाळी लागल्या. पेन्सिलीच्या रेघा काही पुसवेनात, म्हणून ती बाजू तशीच ठेवून तिच्यावर पॉलिश केले आणि ती खाली वळवली.

खुर्ची उल्हासनगरला मिळाली. पाच मिनिटे बसून राहण्याचा सल्ला फार मोलाचा ठरला. मला आवडलेली पहिली खुर्ची बसल्या बसल्या खाली आली. मी भिंतीवरच्या स्विचकडे नजर लावून बसले होते, तो हळूहळू वर गेल्यासारखा दिसला. दुसरी घेतली. तिची बैठक पुढे-मागे सरकते.

खर्च असा झाला: खुर्ची ३,८००, दार ७००, कापणे, पट्टी आणि पॉलिशचे साहित्य मिळून १,४५०, लोखंडी चौकटी २,१००, एलईडी पट्टी ३५०, टेबलाचा दिवा ५५०, एक्स्टेन्शन बोर्ड ६२०, राउटरचा यूपीएस १,४००, कीबोर्ड आणि माउस ९००, टेम्पो ४००. एकूण १२,२७० रुपये. अंदाजापेक्षा २७० रुपये जास्त गेले. ते दिव्यात वाचवता आले असते, पण खिडकी डावीकडे घेतल्यावर छतावरची पट्टी पाठीमागे आली आणि कागदावर माझीच सावली पडू लागली, म्हणून दिवा घ्यावाच लागला.

अर्थिंगची शंका खरी निघाली. तिसऱ्या पिनेला तार नव्हती. घरमालकांना दाखवल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी वायरमन पाठवला.

मनगटाचे दुखणे थांबले आहे. मान अजून संध्याकाळी थोडी जड होते, पण पूर्वीसारखी रात्री जाग येत नाही.

पारिजात

मान संध्याकाळीच जड होते, याचा अर्थ बैठक बरीच जमली आहे आणि सलग बसण्याचा वेळ कमी करायला हवा. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन यावे. आणि कृपया लॅपटॉपची उंची पुन्हा एकदा तपासावी. खुर्ची वर घेतल्यावर डोळेही वर जातात आणि पडदा त्या मानाने खाली राहतो.

ओंजळ

आपण म्हणता तेच झाले होते. आज आणखी एक जाड पुस्तक खाली घातले आहे.

तिठा

एक विचारायचे राहिले. भरीव दाराचे वजन बरेच असते. चौकटींवर ते नुसते ठेवले आहे की जोडले आहे? आमच्याकडे मुलीसाठी असेच करायचे चालले आहे.

ओंजळ

जोडले आहे. प्रत्येक चौकटीच्या वरच्या पाइपला वेल्डिंगवाल्याने तीन भोके पाडून दिली आणि खालून पाऊण इंच आत जातील असे स्क्रू घातले. लाकूड भरीव असल्यामुळे ते घट्ट धरतात. फक्त चौकटी दाराच्या टोकांशी न लावता दोन्हीकडून आठ-आठ इंच आत घ्याव्यात, आणि स्क्रू पिळण्यापूर्वी टेबल जागेवर उभे करून चारही बूच फरशीला टेकतात का ते पाहावे. आमची फरशी खिडकीकडे थोडी उतरती निघाली. आधी सगळे पिळून टाकल्यामुळे ते आम्हाला पुन्हा सैल करावे लागले.

तिठा

धन्यवाद. रविवारी दार पाहायला जातो आहे, सोबत टेप घेऊन.